आडवे पट्टे पुन्हा पुन्हा का येतात: मल्टी-पास इंकजेट छपाईतील बँडिंगचे निदान

इको-सॉल्व्हंट (सौम्य द्रावकातील शाईच्या) यंत्रावर व्हिनाइल छापणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग अनुभवलेला असतो. सकाळी छापलेले फोटो आणि लोगो निर्मळ आलेले असतात; दुपारी त्याच रोलवर, त्याच सेटिंगवर फिकट राखाडी रंगाची सपाट पार्श्वभूमी छापायला घेतली की तिच्यावर समान अंतराने फिकट-गडद आडवे पट्टे उमटू लागतात; यालाच बँडिंग म्हणतात. हेड (शाईचे थेंब फेकणारा भाग) क्लीन केले की कधी ते जातात, कधी जात नाहीत. पास, म्हणजे तीच जागा भरण्यासाठीच्या हेडच्या फेऱ्या, चारवरून सहा आणि सहावरून आठ केले की पट्टे पुसट होतात, पण यंत्राचा वेग निम्म्यावर येतो. आठवडाभराने दुसऱ्या रोलवर पुन्हा तीच तक्रार येते आणि पुन्हा तेच दोन उपाय केले जातात.

ही तक्रार मिटत नाही, कारण सगळ्याच पट्ट्यांना आपण एकच आजार समजतो. प्रत्यक्षात सहा-सात निरनिराळ्या कारणांनी जवळजवळ सारखेच दिसणारे पट्टे पडतात आणि एका कारणावरचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. कोल्हापुरातील आमच्या लहानशा छपाई-विभागात बरीच शाई आणि बरेच व्हिनाइल वाया गेल्यानंतर आम्ही एक नियम ठरवला आणि तो आजही कसोशीने पाळतो: दोन पट्ट्यांमधील अंतर मोजल्याशिवाय यंत्राच्या कोणत्याही सेटिंगला हात लावायचा नाही. या अंतरावरून कारण बहुतेक वेळा ओळखता येते. ते कसे, हे पुढे सविस्तर मांडले आहे.

पट्ट्यांमधील अंतर येते कुठून

पुढील सर्व आकडे एप्सनच्या डीएक्स५ हेडचे आहेत, कारण आमच्या पाच फुटी यंत्रावर तेच हेड आहे; आपल्या हेडची उंची माहीत असेल तर हाच हिशेब आपल्याला करता येईल. या हेडच्या एका रांगेत १८० नोझल (थेंब फेकणारी बारीक छिद्रे) असतात आणि ती एका इंचात बसवलेली असतात, म्हणजे रांगेची उंची २५.४ मिमी आणि लगतच्या दोन नोझलमधील अंतर ०.१४१ मिमी होते. आपल्याला ७२० डीपीआयची (दर इंचाला ७२० थेंबांची) छपाई हवी असेल तर दर ०.०३५ मिमीला, म्हणजे ३५ मायक्रॉनला, थेंबांची एक ओळ पडली पाहिजे. याचा अर्थ दोन नोझलच्या मधल्या जागेत आणखी तीन ओळी भरायच्या राहतात. हेड एकदा धावते, मीडिया (छापायचे व्हिनाइल) थोडा पुढे सरकतो, हेड पुन्हा धावते आणि अशा चार फेऱ्यांत त्या रिकाम्या जागा भरून निघतात. चार पासमध्ये मीडिया दर वेळी हेडच्या उंचीच्या सुमारे चौथ्या भागाइतका, म्हणजे ६.३५ मिमीच्या आसपास सरकतो; या एका सरकण्याला स्टेप म्हणतात. (नेमका आकडा त्याहून किंचित वेगळा असतो, तसा नसता तर नोझल पुन्हा जुन्याच ओळींवर येऊन उभी राहिली असती आणि मधल्या जागा रिकाम्याच राहिल्या असत्या.)

पट्टा पडतो तो या फेऱ्यांच्या जोडावर. एका फेरीतील शेवटच्या नोझलने जिथे काम सोडले, तिथून पुढचे काम चार स्टेपनंतरच्या फेरीतील पहिले नोझल उचलते, आणि तोवर मीडिया हेडच्या पूर्ण उंचीइतका सरकलेला असतो. म्हणून स्टेपमध्ये केवळ ०.१ टक्का चूक असेल, तर एका स्टेपला ती ६ मायक्रॉनच दिसते, पण जोडावर चारही स्टेपची चूक एकत्र येऊन २५ मायक्रॉन होते. थेंबांची ओळ ३५ मायक्रॉनची आणि चूक २५ मायक्रॉनची, असे झाले की मीडिया जास्त सरकला असल्यास जोडावर पांढरट रेघ उघडी पडते आणि कमी सरकला असल्यास थेंब एकमेकांवर चढून गडद रेघ तयार होते. हे दोन रंग लक्षात ठेवावेत, कारण स्टेपची व्हॅल्यू कोणत्या बाजूला फिरवायची हे त्यावरूनच ठरते.

पास वाढवल्याने नेमके काय होते, हेही येथेच स्पष्ट होते. आठ पासमध्ये एका ओळीतील थेंब दोन नोझल वाटून घेतात. जोडावरची चूक तेव्हाही हेडच्या पूर्ण उंचीचीच, म्हणजे २५ मायक्रॉनचीच राहते. मात्र पूर्वी चौथा हिस्सा थेंब जागचे हलत होते, ते आता आठवा हिस्सा हलतात आणि पट्ट्यांमधील अंतरही अर्धे होते. चूक तशीच राहिली, फक्त तिचा ठसा फिकट झाला. त्या दिवशीची ऑर्डर निघून जाते, परंतु यंत्रातील दोष आहे तिथेच राहतो आणि पुढच्या रोलवर तो थोडा वाढला की आठ पासमध्येही दिसू लागतो.

पट्टा टेबलावर दिसत नाही, भिंतीवर का दिसतो, हाही प्रश्न वारंवार विचारला जातो. नजरेच्या एका अंशात साधारण ३ ते ५ वेळा फिकट-गडद होणारी रचना मानवी डोळ्याला सर्वांत सहज जाणवते. १.२ मीटर अंतरावर एक अंश म्हणजे सुमारे २१ मिमी, म्हणजे ६.३५ मिमी अंतराचे पट्टे तिथून बरोबर त्या टप्प्यात येतात. ३० सेंटिमीटरवरून पाहिले तर एक अंश फक्त ५ मिमीचा असतो, आणि पाच मीटरवरून पाहिले तर तो ८७ मिमीचा होतो. या दोन्ही ठिकाणांहून तेच पट्टे कमी जाणवतात. म्हणूनच जी छपाई होर्डिंगवर निर्दोष वाटते ती दवाखान्याच्या प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर सदोष ठरते. टेबलावर वाकून केलेली तपासणी अपुरी असते. छापलेला तुकडा उभा टांगून चार पावले मागे जाऊन पाहिला पाहिजे.

पट्टा फाइलमधला आहे का

यंत्र उघडण्यापूर्वी फाइलवरची शंका दूर करावी. कोरेलड्रॉमध्ये आठ फूट लांबीवर काळ्या रंगाच्या १० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत जाणारी छटा भरली, तर ८ बिटच्या हिशेबाने (एका रंगाच्या एकूण २५६ पायऱ्या) तिच्यात जेमतेम २५ पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरी जवळजवळ ९७ मिमी रुंद होते. अशा छटेत पायऱ्या दिसणारच. त्यात ना हेडचा दोष असतो, ना स्टेपचा. तपासणी अगदी सोपी आहे: तीच फाइल रिपमध्ये (फाइलचे थेंबांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ९० अंशांत फिरवून एक छोटा तुकडा छापावा. पट्टे चित्राबरोबर फिरले तर ते फाइलमधले आहेत, आणि चित्र फिरूनही पट्टे हेडच्या धावेला समांतरच राहिले तर ते यंत्राचे आहेत. फाइलमधले असतील तर छटा बिटमॅप करून तिच्यात किंचित नॉइज मिसळावा. पायऱ्यांच्या कडा विरघळून जातात.

चित्र फिरवण्याआधी आणि फिरवल्यावरही पट्टे आडवे नसून मीडियाच्या लांबीच्या दिशेने उभेच दिसत असतील, तर तो कॅरेजचा (हेड वाहून नेणाऱ्या भागाचा) विषय आहे: एन्कोडर पट्टीवर (हेडची जागा मोजणाऱ्या पट्टीवर) बसलेली शाईची वाफ आणि धूळ, सैल झालेला बेल्ट किंवा झिजलेले बेअरिंग. एन्कोडर पट्टी यंत्र बंद करून मऊ, धागे न सोडणाऱ्या, किंचित ओलसर कापडाने पुसावी. हेड धुण्याचे सॉल्व्हंट तिला कदापि लावू नये, कारण पट्टीवरच्या बारीक रेषाच त्याने निघून जाऊ शकतात. उभ्या पट्ट्यांविषयी येथे एवढेच पुरे.

नोझल आणि स्टेप यांतील गफलत

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो येथे. चार पासमध्ये प्रत्येक ओळ एकाच नोझलच्या वाट्याला येते, त्यामुळे एक नोझल बंद पडले की प्रत्येक स्टेपला एक ओळ कोरी जाते. म्हणजे बंद नोझलमुळे पडणाऱ्या रेघांमधील अंतरही ६.३५ मिमी आणि स्टेपच्या चुकीमुळे पडणाऱ्या रेघांमधील अंतरही ६.३५ मिमीच. अंतर सारखे असल्याने ऑपरेटर स्टेप फिरवत बसतो आणि दोष मात्र नोझलचा असतो, किंवा याच्या अगदी उलट घडते आणि सुस्थितीतल्या हेडला दिवसातून दहा वेळा क्लीनिंग सोसावे लागते.

या दोहोंना वेगळे करण्यासाठी आम्ही एक तपासणीची फाइल कायम तयार ठेवली आहे. तिच्यात रोलच्या पूर्ण रुंदीचे, प्रत्येकी ३०० मिमी उंचीचे पाच भाग आहेत: निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा हे चार रंग प्रत्येकी ५० टक्के, आणि पाचवा भाग तीन रंगांच्या मिश्रणातून केलेल्या राखाडीचा. पन्नास टक्के यासाठी की पूर्ण भरलेल्या रंगात थेंब पसरून जोड झाकला जातो आणि अगदी फिकट रंगात थेंब इतके विरळ असतात की रेघ जुळत नाही. पट्टा सर्वांत उघडा पडतो तो मधल्या छटेत. स्टेपची चूक असेल तर पट्टे सर्व रंगांत सारख्याच अंतराने आणि सारख्याच स्वरूपात दिसतात. नोझलचा दोष असेल तर ते एकाच रंगात दिसतात आणि बाकीचे रंग स्वच्छ असतात. पिवळ्या रंगातील रेघ साध्या प्रकाशात डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. तिच्यावर निळ्या एलईडीचा प्रकाश टाकला की पिवळा रंग काळपट दिसतो आणि रेघ लगेच उठून दिसते. ही युक्ती माहीत नसल्यामुळे आम्ही हिरव्या रंगातल्या पट्ट्यांसाठी कित्येक दिवस निळ्या रंगाच्या डॅम्परला (हेडला शाई पुरवणाऱ्या, जाळी असलेल्या डबीला) दोष देत राहिलो होतो.

दहापट मोठे दाखवणारे भिंग प्रत्येक छपाईच्या टेबलावर असावे. बंद नोझलची रेघ भिंगाखाली एकसारखी बारीक आणि कोरी दिसते. नोझल तिरके फेकत असेल तर कोऱ्या रेघेला अगदी लागूनच एक गडद रेघ असते, कारण ओळ नाहीशी झालेली नसते, शेजारच्या ओळीवर जाऊन बसलेली असते. तिरक्या नोझलला वारंवार क्लीनिंग देऊन सहसा उपयोग होत नाही. बहुतेक वेळा हेडच्या पृष्ठभागावर कापडाचा तंतू किंवा अर्धवट सुकलेली शाई चिकटलेली असते आणि वायपर (हेड पुसणारी पट्टी) स्वतःच मळलेला असतो. आधी वायपर आणि कॅपची (थांबलेले हेड झाकणाऱ्या भागाची) रबरी कड धुऊन काढावी आणि मगच एक साधे क्लीनिंग द्यावे. ज्या गावांत वीज अचानक जाते तिथे यंत्राला यूपीएस असणे आवश्यक आहे, कारण हेड कॅपवर परतण्यापूर्वी वीज गेली की उघड्या पडलेल्या नोझलमध्ये शाई सुकू लागते आणि पुढच्या दोन दिवसांतील पट्ट्यांचे मूळ त्या अर्ध्या तासात असते.

मोजणी, आणि तिच्यातून काय कळते

दोन पट्ट्यांमधले एकच अंतर मोजू नये, त्यात चूक मोठी होते. स्टीलची मोजपट्टी छपाईवर ठेवून एका गडद रेघेपासून अकराव्या गडद रेघेपर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्याला दहाने भागावे. मग पास चारवरून आठ करून तोच तुकडा पुन्हा छापावा आणि पुन्हा मोजावे. पास बदलण्याचा खरा उपयोग मला येथे वाटतो: इलाज म्हणून नव्हे, परीक्षा म्हणून.

चार पासला दहा पट्ट्यांचे अंतर ६३ मिमीच्या आसपास आले आणि आठ पासला ते ३२ मिमीच्या आसपास आले, तर कारण पासशी निगडित आहे, म्हणजे स्टेप किंवा नोझल. (रिपमध्ये किंवा यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये फेदर, म्हणजे फेऱ्यांचे जोड विरळ थेंबांनी मिसळण्याची सोय, चालू असेल तर हेडचा काही भाग एकमेकांवर येतो आणि स्टेप थोडी लहान होते, म्हणून मोजणीपुरता फेदर बंद ठेवावा.) आय३२०० हेड असेल तर उंची सुमारे ३३.८ मिमी असते, म्हणून चार पासला एका पट्ट्याचे अंतर ८.४५ मिमीच्या जवळपास यायला हवे.

अंतर दोन स्टेपचे, म्हणजे १२.७ मिमीचे आले, तर बोट दुतर्फा छपाईकडे जाते. हेड डावीकडून जाताना निळ्यावर किरमिजी पडतो आणि उजवीकडून येताना किरमिजीवर निळा पडतो. जो रंग नंतर पडतो त्याचा प्रभाव थोडा जास्त राहतो आणि जांभळट निळ्या रंगात एकाआड एक पट्टे दिसतात. एकतर्फी छपाई करून पाहावी. पट्टे पूर्ण नाहीसे झाले तर आधी दुतर्फा जुळणीचे कॅलिब्रेशन करावे, आणि ते अचूक असूनही पट्टे येत असतील तर त्या रंगाचे काम एकतर्फीच छापावे. वेळ जास्त लागेल, पण तिथे दुसरा प्रामाणिक मार्ग नाही. याच कुळातला आणखी एक प्रकार म्हणजे फक्त दोन्ही कडांना दिसणारे आणि मध्यभागी विरून जाणारे पट्टे. उजव्या कडेला हेड लगेच वळून परत येते, तेव्हा आधीची शाई ओलीच असते. डाव्या कडेला तोवर बराच वेळ गेलेला असतो, आणि पुढच्या वळणावर याच्या उलट घडते. व्हिनाइल शाई शोषून घेत नाही, त्यामुळे ओल्यावर ओले पडले की थेंब एकमेकांत मिसळतात आणि तिथली चमकही बदलते. प्रत्येक धावेच्या शेवटी थोडा विराम देणे आणि छपाईच्या जागेचा हीटर दोन-तीन अंशांनी वाढवणे, हे दोन उपाय येथे नेमके लागू पडतात. सेल्सिअसचे दहा अंश एकदम वाढवू नयेत. व्हिनाइल फुगून वर उचलले जाते, हेडला घासते आणि नोझलच्या तोंडाशी शाई सुकते.

आणि पास बदलूनही पट्ट्यांचे अंतर बदललेच नाही, तर ते कारण पासचे नाही, यंत्राच्या फिरत्या भागाचे आहे. या प्रकाराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण याच्यामुळे आमचे एक महत्त्वाचे काम परत आले होते.

एका दवाखान्यासाठी चार फूट रुंद आणि आठ फूट उंच अशी बारा पॅनेल छापायची होती, सर्वांची पार्श्वभूमी एकच फिकट राखाडी. पहिली तीन चांगली आली, चौथ्यावर पट्टे दिसले. नेहमीचे ६.३५ मिमीचे बारीक पट्टे होतेच, परंतु ते सगळीकडे सारखे नव्हते; काही अंतर ते ठळक होत जात, मग मंद होत, नाहीसे होत आणि पुन्हा ठळक होत. आम्ही स्टेप वाढवली तर जिथे ते नव्हते तिथे पांढरे आले; कमी केली तर ठळक भाग अधिक काळा झाला. कोणतीही एक व्हॅल्यू संपूर्ण पॅनेलला लागू होईना, आणि खरे तर हेच सर्वांत बोलके लक्षण होते. शेवटी पॅनेल जमिनीवर पसरून दोन ठळक भागांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजले, तेव्हा ते दर वेळी ९४ मिमी भरले. आमच्या यंत्राच्या ग्रिट रोलरचा (मीडिया पुढे सरकवणाऱ्या खडबडीत रोलरचा) व्यास ३० मिमी आहे, म्हणजे त्याचा परीघ ९४.२ मिमी. रोलरच्या एका फेऱ्यात पट्टा एकदा उमटत होता आणि एकदा मावळत होता.

प्लॅटन (छपाईचा सपाट तळ) उघडून टॉर्चच्या उजेडात रोलर हाताने सावकाश फिरवला. डावीकडून दुसऱ्या पिंच रोलरच्या (मीडिया वरून दाबून धरणाऱ्या रबरी रोलरच्या) खाली, ग्रिटच्या खडबडीत पृष्ठभागावर, करंगळीच्या नखाएवढा काळपट थर बसलेला आढळला. व्हिनाइलच्या कडेने पाझरलेला गोंद, त्यात मिसळलेली धूळ, आणि वरून पिंच रोलरचा दाब, यांनी तो इतका घट्ट झाला होता की बोट फिरवूनही तो उंचवटा आहे असे जाणवत नव्हते. तो पितळी ब्रशने आणि थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढला. हिशेब करून पाहिला तर त्याचे महत्त्व कळते: १५ मिमी त्रिज्येच्या रोलरवर ०.०२ मिमीचा उंचवटा म्हणजे स्टेपमध्ये ०.१३ टक्क्यांचा फरक, आणि जोडावर तो ३० मायक्रॉनहून अधिक होतो. थर काढल्यावर बाकीची पॅनेल स्वच्छ आली, पण ग्राहकाकडून परत आलेली दोन पॅनेल आम्हाला आमच्या खर्चाने पुन्हा छापून द्यावी लागली. पुढे एकदा रोलर स्वच्छ असूनही असेच लक्षण दिसले, तेव्हा तो काढून शिवाजी उद्यमनगरातील एका लेथ कारागिराकडे नेला आणि डायल गेजवर फिरवून पाहिला. तो मध्यातच किंचित वाकलेला निघाला आणि बदलावा लागला. ज्यांच्या जवळ असा कारागीर आहे त्यांनी ही तपासणी करून घेण्यात संकोच करू नये; नव्या रोलरच्या खर्चापूर्वी खात्री होते.

पट्टे रोलच्या फक्त एका बाजूला असतील तर पिंच रोलर पाहावेत. त्यांचा दाब असमान असतो, एखाद्याचा रबर झिजून त्यावर खाच पडलेली असते, किंवा रोल चढवतानाच तिरका गेलेला असतो. एक-दोन पिंच रोलर बदलण्यापेक्षा पूर्ण संच एकाच वेळी बदलणे योग्य, नाहीतर नवा आणि जुना रबर वेगवेगळ्या पकडीने ओढत राहतात.

छपाई सुरू झाल्यावर उशिरा येणारे पट्टे

काही पट्टे पहिल्या हातभर छपाईत नसतात आणि गडद भाग सुरू झाल्यावर हळूहळू येतात. त्यांच्यामागे शाईचा अपुरा पुरवठा असतो. डॅम्परची जाळी चोंदली असेल, ट्यूबच्या जोडावरील ओ-रिंगमधून हवा शिरत असेल किंवा टाकीतील पातळी फार खाली गेली असेल, तर हेडला जेवढी शाई हवी तेवढी मिळत नाही. आधी काढलेली नोझल-तपासणी (प्रत्येक नोझलची रेघ दाखवणारा छापील नमुना) पूर्ण असते आणि म्हणून कोणी हेडवर संशय घेत नाही. येथे तपासणीचा क्रमच उलटा हवा: ज्या रंगावर संशय आहे त्याचा १०० टक्के भरलेला, पूर्ण रुंदीचा ३०० मिमी तुकडा छापावा आणि मध्ये कोणतेही क्लीनिंग न देता लगेच नोझल-तपासणी काढावी. तिच्यात एकाच रंगाच्या रांगेतील बरीचशी नोझल एकदम गायब दिसली आणि दहा मिनिटे थांबून पुन्हा काढल्यावर ती आपोआप परत आली, तर शाई पोचत नाही हे निश्चित समजावे. नोझल चोंदलेली असती तर ती आपोआप परत आली नसती. डॅम्पर बदलणे हा हेडपेक्षा कितीतरी स्वस्त खर्च आहे, आणि तो वेळेवर न केल्यामुळे हेड हवेवर चालून खराब होण्याचे प्रसंग आमच्या धंद्यात वरचेवर घडतात.

थंडीच्या दिवसांत पहाटे किंवा सकाळी लवकर छापलेल्या पहिल्या काही मीटरवर पट्टे येतात आणि दहा वाजल्यानंतर ते जातात, असे होत असेल तर शाई दाट झालेली असते. यंत्र अर्धा तास आधी चालू करून हीटर लावावा आणि पहिले काम गडद किंवा फोटोंनी भरलेले घ्यावे. कोरड्या हवेत व्हिनाइलवर स्थिर विद्युत साचते आणि ती बारीक थेंबांना वाटेतच वळवते. रेघांच्या कडेला शाईची पुसट धूळ दिसली तर यंत्राचे अर्थिंग तपासावे आणि खोलीतील आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के राखावी.

स्टेपचे कॅलिब्रेशन केव्हा आणि कसे

वरील सर्व शक्यता दूर झाल्यावरच स्टेपला हात लावावा, आणि तो लावताना परिस्थिती खऱ्या कामासारखीच असावी. हीटर थंड असताना केलेले कॅलिब्रेशन तासाभराने निरुपयोगी ठरते, कारण तापलेले व्हिनाइल मऊ होऊन ताणले जाते. यंत्र किमान वीस मिनिटे तापू द्यावे, त्याच रोलचा एक मीटर तुकडा छापून सोडून द्यावा आणि मग कॅलिब्रेशन घ्यावे. आधी स्थूल तपासणी म्हणून १००० मिमीची रेषा छापून स्टीलच्या टेपने मोजावी. एका मिलिमीटरचा फरक म्हणजे ०.१ टक्का. नंतर सूक्ष्म तपासणीसाठी ५० टक्के राखाडीचे १०० मिमीचे पाच तुकडे, प्रत्येकी ०.०५ टक्क्यांनी व्हॅल्यू बदलत छापावेत आणि ते भिंतीवर टांगून १.२ मीटरवरून पाहावेत. पांढरी रेघ गेलेली आहे आणि काळी अजून आलेली नाही, असा तुकडा यांतून निवडावा.

मीडियावरील ताणाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ५० मीटरचा भरलेला रोल जड असतो आणि मागे ओढतो. तोच रोल दहा मीटर उरला की सहज फिरतो आणि मीडिया किंचित जास्त सरकू लागतो. सुरुवातीला अचूक असलेली स्टेप रोलच्या शेवटी पांढरी रेघ देऊ लागते ती यामुळे. रोल आणि यंत्र यांच्यामध्ये मीडियाचा सैल झोळ कायम राहील अशी मांडणी करावी, आणि पुढच्या बाजूचा टेक-अप (छापलेला मीडिया गुंडाळणारा भाग) सुद्धा सतत ओढत न राहता झोळ भरल्यावरच फिरेल असा लावावा. पातळ व्हिनाइलला व्हॅक्यूम जास्त झाला तर ते प्लॅटनला चिकटून अडखळत सरकते; जाड फ्लेक्सला कमी झाला तर ते कडेने उचलले जाते. दोन्हींत पट्टे अनियमित अंतराने येतात, आणि अंतर अनियमित असणे हीच त्यांची ओळख.

फेदरचा वापर या सगळ्यानंतर करावा. सरळ जोडाऐवजी थेंब हळूहळू विरळ करत एका फेरीतून दुसऱ्या फेरीत नेणे हे त्याचे काम आहे, आणि लहानशी चूक तो खरोखर झाकतो. पण तो हेडची काही नोझल या सांध्यात खर्च करतो, म्हणून जितका वाढवावा तितका वेग कमी होतो. दुरुस्त यंत्रावर थोडा फेदर पुरतो. जिथे तो कमाल ठेवल्याशिवाय काम निघत नाही तिथे रोलर, डॅम्पर किंवा ताण यांपैकी काहीतरी अजून तपासायचे राहिलेले असते.

आमच्या यंत्राशेजारी दोरीने बांधलेली एक वही लटकलेली असते. प्रत्येक नव्या रोलमागे तिच्यात एक ओळ लिहिली जाते: मीडियाचा प्रकार आणि रुंदी, तिन्ही हीटरचे तापमान, पास, स्टेपची व्हॅल्यू, आणि पट्टा दिसला असल्यास त्याचे मोजलेले अंतर व शेवटी निघालेले कारण. त्या दवाखान्याच्या पॅनेलांसमोर ९४ मिमी असा आकडा लाल शाईत लिहिलेला आहे. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, पहिला रोल चढवण्याआधी, ग्रिट रोलर पूर्ण एक फेरा फिरवून ब्रशने साफ केला जातो आणि त्या रकान्यात साफ करणाऱ्याची सही घेतली जाते.